करंगळीएवढा मावळा आणि चाळिशीचा डोळा

दिवाळीच्या आधी कुंभार गल्लीतून मातीचे मावळे आणायचे, अंगणातल्या किल्ल्यावर मांडायचे आणि ज्यांचा रंग उडालाय त्यांना पोस्टर कलरचा हात द्यायचा, हे कोल्हापुरात आमच्या पिढीनं सगळ्यांनीच केलंय. मी त्यात जरा जास्त रमलो. कॉलेजात असताना ५४ मिलिमीटर उंचीचे ऐतिहासिक सैनिक रंगवायला लागलो. पुढं नोकरी-संसारात ते सुटलं. गेल्या पावसाळ्यात, वयाच्या ५३व्या वर्षी, डबा पुन्हा उघडला. आत एक अर्धवट राहिलेला पट्टेकरी होता. १३ जुलै १६६०ला बाजीप्रभूंबरोबर खिंडीत उभा राहिलेला, असं मी तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. त्याच्या कपाळावर गंध लावायला गेलो तर ते भुवईवर उतरलं. पुसून पुन्हा लावलं, तर नाकावर. हात स्थिर होता, ब्रशला टोक होतं. दिसतच नव्हतं.

"नजर गेली," असं मी घरी सांगून टाकलं. ते चूक होतं, आणि का चूक होतं हे कळल्यावरच ब्रश पुन्हा हातात आला.

आधी मापाचं गणित बघू. ५४ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे साधारण १:३२ प्रमाण. खऱ्या माणसाचं बुबुळ सुमारे १२ मिलिमीटर रुंद असतं. बत्तिसानं भागलं की ०.४ मिलिमीटरही भरत नाही. सेंटिमीटरभर रुंदीचं गंध ०.३ मिलिमीटरवर येतं. निरोगी डोळा एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातला तपशील वेगळा ओळखतो. पंचवीस सेंटिमीटरवर ही रुंदी ०.०७ मिलिमीटर होते, अर्ध्या मीटरवर त्याच्या दुप्पट. म्हणजे वस्तू लांब धरून ती स्पष्ट केली, तरी त्याच हिशेबात तपशील हातचा जातो. पेपर लांब धरून भागतं, कारण अक्षरं मोठी असतात. गंधाचं तसं नाही.

मग आपण लांब का धरतो? आपल्या भाषेत त्या वयाला, त्या तक्रारीला आणि त्यावरच्या चष्म्यालाही एकच शब्द आहे: चाळिशी. डोळ्यातलं भिंग बारीक तंतूंनी एका गोल स्नायूला टांगलेलं असतं. जवळचं बघताना हा स्नायू आवळतो, त्यामुळं तंतू सैल पडतात आणि भिंग आपल्या लवचिकपणानं फुगतं. हा बदल डोळ्याच्या आतच होतो, हे थॉमस यंग यांनी १८०१ साली स्वतःवरच तपासून दाखवलं. डोळा पाण्यात ठेवला की पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची, प्रकाश वाकवण्याची ताकद जवळपास संपते. तिची भरपाई त्यांनी वेगळ्या भिंगानं केली आणि तरीही जवळ-लांब नजर बदलता येते, हे पाहिलं.

या भिंगाची गंमत अशी की ते जन्मभर वाढत राहतं. कांद्यासारखे नवे थर बाहेरून चढतात, जुने कधीच टाकले जात नाहीत. गाभ्यातले धागे तर जन्माआधीचे असतात आणि त्यातली प्रथिनं कधी बदलली जात नाहीत. वर्षागणिक भिंग घट्ट होत जातं. दहा वर्षांच्या पोराला सात-आठ सेंटिमीटरवरचंही स्पष्ट दिसतं, चाळिशीत हे अंतर वीस सेंटिमीटरच्या पुढं सरकतं आणि पन्नाशी ओलांडली की अर्ध्या मीटरच्या आसपास जातं. डोळ्यांच्या व्यायामानं हे मागं फिरत नाही. चष्म्यानं डोळा आळशी होतो, हीही नुसती समजूत.

पण डोळ्याच्या आतला, चित्र उमटायचा पडदा शाबूत आहे. भिंगाला फुगता येत नाही, एवढंच. ते काम बाहेरच्या भिंगाकडून करून घेता येतं.

म्हणून गुजरीत एका ओळखीच्या सोनारकाकांकडे गेलो. कोल्हापुरी साजाची पानं जोडणारा माणूस, त्यांना विचारावं म्हटलं. त्यांनी दहापटीचं भिंग माझ्या हातात दिलं आणि परत काढून घेतलं. "ह्ये खडा पारखायला. काम करायचं तर लांबचं भिंग घ्या." यात अख्खं प्रकाशशास्त्र आहे. भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. शंभर सेंटिमीटरला त्या आकड्यानं भागलं की काम करायचं अंतर मिळतं. दहापटीचं भिंग सुमारे ४० डायॉप्टरचं असतं, म्हणजे वस्तू अडीच सेंटिमीटरवर हवी. मध्ये ब्रश शिरायला जागाच नाही. शिवाय ताकद वाढेल तशी स्पष्ट दिसणारी खोली घटते: नाक दिसतं तेव्हा कान धूसर. मी डोक्याला बांधायचं ५ डायॉप्टरचं दोन डोळ्यांचं भिंग घेतलं. लांबचा नंबर नसल्यानं जवळचा चष्मा काढून ते लावलं की वीस सेंटिमीटरवर सगळं स्वच्छ. एका डोळ्याचं टाळलं, कारण खोलीचा बारीक अंदाज दोन्ही डोळे मिळून देतात. एका डोळ्यानं ब्रशचं टोक कधी टेकलं तेच समजत नाही.

उरला उजेड, आणि माझ्या मते यात आपण सगळ्यात जास्त कमी पडतो. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर. साठीतल्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्याच्या मानानं जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. दिव्याला खर्च करावा तो इथं. मी दोन दिवे लावतो, दोन्ही बाजूंनी, म्हणजे हाताची सावली सैनिकावर पडत नाही. भरपूर उजेडात बाहुली आणखी आवळते आणि धूसरपणा कमी होतो. उन्हात बारीक अक्षरं लागतात ती याचमुळं.

पिवळं भिंग निळा रंग अडवतं. क्लोद मोने या चित्रकाराची रंगछटा मोतीबिंदूनं गढूळ झाली होती, १९२३ साली शस्त्रक्रिया होईपर्यंत. माझं प्रकरण तेवढं नाही, पण रात्री अंगरख्याच्या चुण्यांत काळा म्हणून भरलेला रंग सकाळी खिडकीत गडद निळा निघाला. आता रंग सकाळीच कालवतो. फिक्या-गडदातला सूक्ष्म फरकही कमी जाणवतो, म्हणून आधी सगळा सैनिक काळा करून वरून पांढरा फवारा मारतो. चुण्या, मिशा, ढालीवरच्या चार फुल्या, सगळं उठून येतं.

हे सारं सावकाश येणाऱ्या चाळिशीबद्दल. सरळ रेष वाकडी दिसली, एका डोळ्यासमोर पडदा आला, दिव्याभोवती वलयं दिसली, तर भिंगं शोधू नयेत, डॉक्टर गाठावा. मधुमेह असेल तर दरवर्षी पडदा तपासून घ्यावा.

शून्य-शून्य नंबरचे, अगदी बारीक ब्रशही मी बाजूला ठेवले. त्यावर रंग पोचेपर्यंत सुकतो. एक नंबरचा, चांगल्या टोकाचा ब्रश पोटात रंग धरतो. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवली, श्वास सोडला आणि टोक टेकवून उचललं. गंध कपाळाच्या मधोमध बसलं.