प्लॅटफॉर्म व्हिडिओ खेळांतील वनस्पती

उड्या मारत, चढत-उतरत पुढे जाण्याच्या खेळांत खेळाडूच्या कृतीला प्रतिसाद देणाऱ्या वेली, फुले, फळे इत्यादी. नुसती पार्श्वभूमी सजवणारी हिरवाई यात धरत नाहीत, उदा., ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधील झुडपे (तीच आकृती रंग बदलून ढगांसाठीही वापरली आहे). त्याच खेळातील प्रसिद्ध अळंबी हे कवक असल्याने काटेकोर अर्थाने येथे मोडत नाही.

उगम : आद्यत्वाचा मान बहुधा वेलीकडे जातो, पण तो कोणत्या खेळातील वेलीला द्यावा याबद्दल एकमत नाही. टायटोचा ‘जंगल किंग’, निन्टेन्डोचा ‘डाँकी काँग ज्युनियर’ आणि ॲक्टिव्हिजनचा ‘पिटफॉल!’ हे तिन्ही खेळ १९८२ सालचे. ‘जंगल किंग’मध्ये एका वेलीवरून दुसरीवर झेप घ्यावी लागे. टारझनच्या हक्कधारकांनी आक्षेप घेतल्यावर तो ‘जंगल हंट’ या नावाने पुन्हा आला आणि वेलींचे दोरखंड झाले. ‘पिटफॉल!’ची वेल तंत्रदृष्ट्या अधिक लक्षणीय आहे. अटारी २६०० या घरगुती खेळयंत्रात तिरकी रेषा काढण्याची सोय नव्हती. खेळाचे रचनाकार डेव्हिड क्रेन यांनी ‘चेंडू’साठी राखलेला ठिपका पडद्यावरील प्रत्येक आडव्या रेषेगणिक थोडा सरकवून झुलती वेल उभी केली, संपूर्ण खेळ अवघ्या ४ किलोबाइटांत बसवलेला होता. खेळाच्या २५५ दृश्यांची रचना आठ बिटांच्या (० किंवा १ अशा आठ अंकांच्या) संख्यांवरून ठरते व त्यांतील दोन बिट झाडांच्या मांडणीसाठी आहेत. ही झाडे मात्र निव्वळ शोभेची.

तथापि वेलीला स्वतःचे नियम देणारा खेळ म्हणून ‘डाँकी काँग ज्युनियर’ला अग्रक्रम देणे सयुक्तिक वाटते. यात दोन वेली धरल्यास वर चढण्याचा वेग वाढतो, तर एकच धरल्यास खाली लवकर घसरता येते. वेलींवरील फळे शत्रूंवर पाडता येतात. इतर दोन खेळांत वेल हे पलीकडे जाण्याचे साधन आहे.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) : नव्वदच्या दशकात नकली यंत्रांमधून महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेल्या या खेळातील नळात दडणारी मांसाहारी वनस्पती सर्वपरिचित आहे. ती ठरावीक अंतराने वर येते. मात्र खेळाडू नळावर किंवा नळाला लागून उभा असल्यास आतच राहते. तिच्यावर उडी मारून तिला चिरडता येत नाही, सहसा अग्निगोळा लागतो; आणि ती शक्ती पुन्हा एका फुलापासूनच मिळते. पहिल्या टप्प्यात (१-१) ही वनस्पती नाही. १९८६ सालच्या जपानी उत्तरखेळात नळातून उलटी लोंबणारी वनस्पतीही आली. चौथ्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात (४-२) एका ठोकळ्यातून उगवणारी वेल सहाव्या, सातव्या व आठव्या जगाकडे जाणाऱ्या नळांपाशी नेते. तिचा संबंध इंग्रजी लोककथेतील घेवड्याच्या वेलीशी जोडतात. साम्य उघड आहे.

नंतरचे प्रकार : जपानबाहेरच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’मध्ये (१९८८) जमिनीतून भाज्या उपटून फेकता येतात. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये (१९९०) मारिओचा डायनासोर साथी योशी झुडपांवरची फळे खातो. ‘सेलेस्ट’मधील (२०१८) स्ट्रॉबेरी गोळा केल्यावर पक्क्या जमिनीवर पाय टेकेपर्यंत मोजली जात नाही, पंखांची स्ट्रॉबेरी तर खेळाडूने डॅश (क्षणिक वेगवान झेप) करताच उडून जाते.