भिंतीपासून हजेरीपटापर्यंत: नर्सिंग होमच्या तपासणीची पार्श्वभूमी

या टिपणातलं नर्सिंग होम म्हणजे दहा-वीस खाटांचं खासगी इस्पितळ नव्हे. उठायला, खायला, शौचाला ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो अशी माणसं, बहुतेक वृद्ध, जिथे महिनोन्‌महिने किंवा कायमची राहतात ती जागा. हे आधीच सांगितलं, कारण तपासणीचा सगळा पेच त्यातच आहे. इस्पितळातला रुग्ण आठवड्याभरात घरी जातो, बिलावरून भांडतो, चारचौघांत बोलतो. इथला रहिवासी कुठे जात नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची त्यांच्याच हातून त्याला रात्री पाणी प्यायचं असतं. म्हणून बाहेरचं कोणीतरी आत येऊन बघायला हवं.

इंग्लंड-वेल्समध्ये हा विचार १९२७ सालच्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात आला. नोंदणीशिवाय चालवायचं नाही, आणि नेमलेला अधिकारी आत येऊन पाहणी करू शकेल. मात्र रुग्णाचे वैद्यकीय कागद त्याने पाहायचे नाहीत. गुप्ततेच्या दृष्टीने हे समजण्यासारखं आहे, पण मग त्याच्या वाट्याला उरलं काय? जागा, खाटा, स्वच्छता, परिचारिका आहेत की नाहीत. मुंबई प्रांताचा १९४९ चा नोंदणी कायदा साधारण याच साच्यातून निघाला, जरी आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ पुढे छोट्या इस्पितळाकडे सरकला.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या दारातून सुरू झाली. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरीब वृद्धांना मदतनिधी दिला, पण सरकारी अनाथालय-धर्मशाळांत राहणाऱ्यांना तो मिळणार नव्हता. साहजिकच म्हातारी माणसं खासगी घरांत जाऊन राहू लागली, आणि जुने वाडे, बंद पडलेल्या इमारती यांवर नर्सिंग होमच्या पाट्या लागल्या. अशा जागांना परवाना देणारी यंत्रणा राज्यांनी उभी करावी, ही अट १९५० च्या दुरुस्तीने घातली. घातली म्हणायचं, प्रत्यक्षात परवाना कशावर द्यायचा हे राज्याराज्यांनी आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवलं.

त्यानंतरचे नियम आगींनी लिहिले. १७ फेब्रुवारी १९५७, रविवारची दुपार, मिझुरी राज्यातलं वॉरेन्टन: जुन्या विटांच्या इमारतीतल्या नर्सिंग होमला आग लागली आणि ७२ जण गेले. आग लागताच आपोआप सुटणारे पाण्याचे फवारे छतात नव्हते. २३ नोव्हेंबर १९६३ च्या पहाटे ओहायोतल्या फिचव्हिलला ८४ पैकी ६३ रहिवासी मेले. ही इमारत तर बैठी होती, जिना उतरायचाही प्रश्न नव्हता. पण ज्याला स्वतःहून उठता येत नाही त्याला दार दहा पावलांवर असलं काय आणि शंभर पावलांवर असलं काय. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे वर्तमानपत्रांत या ६३ जणांना जेमतेम जागा मिळाली.

अग्निसुरक्षेची संहिता तोवर होती. तिचं मूळ न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यातल्या १९११ च्या आगीत, ज्यात १४६ कामगार मेले. १९२७ मध्ये ती ‘इमारतीतून बाहेर पडण्याची संहिता’ म्हणून निघाली आणि १९६६ मध्ये तिचं नाव ‘जीवरक्षा संहिता’ झालं. नावातला हा बदल मला महत्त्वाचा वाटतो. कारखान्यातला कामगार धावत बाहेर पडतो. खाटेवरच्या माणसाला आहे तिथेच वाचवावं लागतं. म्हणून धूर अडवणारे दरवाजे, मजल्याचे कप्पे, खाट ढकलत शेजारच्या कप्प्यात नेण्याइतका रुंद बोळ.

तरीही आग नवी पळवाट शोधते. जानेवारी १९७० मध्ये ओहायोतल्याच मारिएटाला एका आधुनिक, न पेटणाऱ्या बांधणीच्या, सरकारमान्य नर्सिंग होममध्ये कचऱ्याच्या टोपलीला आग लागली. इमारत जवळपास शाबूत राहिली. बोळातल्या गालिच्याच्या रबरी अस्तराचा काळा धूर मात्र तीसहून जास्त माणसांना पुरला. त्यानंतर गालिचाही तपासणीच्या यादीत आला.

मधल्या काळात पैसा आला होता. १९६५ मध्ये मेडिकेअर (वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा) या योजनांचा कायदा झाला, आणि निकष पूर्ण करणाऱ्या नर्सिंग होमलाच सरकारी पैसे मिळतील असं ठरलं. अडचण अशी की निकष पूर्ण करणारी फारच थोडी निघाली. मग ‘बऱ्यापैकी पूर्तता’ असा एक सोयीचा शब्दप्रयोग काढून बाकीच्यांनाही आत घेतलं गेलं. सरकारी कारभाराची नाडी ओळखणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

तपासणी चालू होती, फॉर्म भरले जात होते. १९७५ मध्ये कोलोरॅडोतल्या रहिवाशांच्या वतीने केंद्र सरकारवर दावा गुदरला गेला, आणि तिथे तो फॉर्मच न्यायालयासमोर आला. एकूण प्रश्न ५४१. त्यांतले ज्यांचा रुग्णाच्या देखभालीशी ओढूनताणून का होईना संबंध लागतो, किंवा ज्यांच्यासाठी रुग्णाकडे बघावं तरी लागेल, असे अवघे ३०. बाकीचे प्रश्न धोरण लेखी आहे का, समिती नेमली आहे का, करार झाला आहे का, या जातीचे. पाठीला जखमा झालेल्या माणसाच्या खोलीवरून जाऊन निरीक्षक कचेरीत बसून फाइल तपासू शकत होता, आणि फॉर्म पुरा भरत होता. १९८४ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की देखभाल खरोखर मिळते आहे का हे कळेल अशी पद्धत बसवणं सरकारचं कर्तव्य आहे.

आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्येच वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी मोजायला सांगितला होता: साधनं काय आहेत, काम कसं होतं, आणि माणसाचं काय झालं. नर्सिंग होमची तपासणी वीस वर्षं पहिल्या अंगातच अडकून राहिली. अमेरिकेच्या १९८७ च्या कायद्याने ती पुढे सरकली. प्रत्येक रहिवाशाचं ठरावीक नमुन्यात मूल्यमापन, बांधून ठेवण्यावर बंधन, रहिवाशांशी खासगीत बोलणं, आणि न कळवता भेट; तारीख आधी फोडणाऱ्याला दंड.

या पद्धतीत निरीक्षक काय बघतो? धूर अडवायला आपोआप बंद होणाऱ्या दाराखाली, ते उघडं राहावं म्हणून, लाकडी पाचर आहे का, आणि आज नसली तरी फरशीवर तिची घासल्याची खूण आहे का. बोलावण्याची घंटा दाबून घड्याळ बघतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रहिवाशाची कूस बदलल्याचा तक्ता बघतो: रात्रभर दर दोन तासांनी नोंद, सगळी एकाच शाईत, एकाच ओघात, अक्षर जराही न बिघडता. अशा नीटनेटक्या तक्त्यावर विश्वास ठेवू नये, हे जुनी माणसं नव्यांना सांगतात.

व्यवस्थापन यादीत शेवटी आलं, कारण ते पाइपासारखं दिसत नाही. स्कॉटलंडमधल्या रोझपार्क केअर होममध्ये ३१ जानेवारी २००४ ला एका कपाटातली आग १४ जणांच्या जिवावर बेतली. धोक्याची घंटा वाजली होती, पण ती कुठल्या भागातली हे कर्मचाऱ्यांना नीट उमजलं नाही आणि अग्निशमन दलाला फोन जायला मोलाची मिनिटं गेली. यंत्र होतं, ते वाचायला शिकवलेलं माणूस नव्हतं. आज इंग्लंडची तपासणी संस्था जे पाच प्रश्न विचारते, त्यांतला शेवटचा कारभार नीट चालवला जातो का, हाच आहे.

अमेरिकेत २००३ मध्ये हार्टफर्ड आणि नॅशव्हिलला आगी लागल्यावर सर्व नर्सिंग होमना पाण्याचे फवारे सक्तीचे झाले. मुदत होती १३ ऑगस्ट २०१३ ची. वॉरेन्टननंतर छप्पन्न वर्षं.

तिथे नर्सिंग होमना दर्जाप्रमाणे तारे देण्याची पद्धत २००८ च्या डिसेंबरात सुरू झाली. पण माणसं किती कामावर आहेत हे नर्सिंग होम स्वतःच सांगत असे. २०१६ पासून ही संख्या पगारपत्रकाच्या नोंदींवरून द्यावी लागते, आणि त्या नोंदी दिवसवार असतात. त्या मांडून बघितल्यावर शनिवार-रविवारी खळगा दिसला. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यांना सूचना गेली: कचेरीच्या वेळेबाहेर ज्या अचानक भेटी ठरलेल्या आहेत, त्यांतल्या निम्म्या तरी शनिवार-रविवारी करा.