ड्रायरची साफसफाई आणि आगीचा धोका

कपडे वाळवायच्या ड्रायरला आग लागते त्यामागे बरेचदा लिंट असतं. लिंट म्हणजे ड्रममध्ये कपडे एकमेकांवर घासून सुटणारी लव, फिल्टरवर तिचाच तो राखाडी मऊ थर जमतो. सुती कपड्यांची लव म्हणजे जवळपास कापूसच, कोरडी आणि भुरभुरीत, त्यामुळे ठिणगी मिळाली की लगेच पेट घेते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळातल्या आगींचा हिशोब काढला तेव्हा निवासी इमारतींमध्ये ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे 2,900 निघाल्या, आणि कारणांमध्ये पहिला नंबर साफसफाई न करण्याचा होता, 34 टक्के.

नेहमीचा डक्टवाला (डक्ट म्हणजे हवा घराबाहेर नेणारा पाइप) ड्रायर खोलीतली हवा आत ओढतो, हीटिंग कॉइलवर किंवा गॅस बर्नरवर तापवतो, ड्रममधून फिरवतो आणि मग ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, ती दमट गरम हवा फिल्टरमधून, डक्टमधून घराबाहेर फेकतो. फिल्टर सगळं लिंट पकडत नाही, खरी गोम इथेच आहे. निसटलेलं लिंट कॅबिनेटच्या तळाशी, हीटरच्या आसपास आणि डक्टच्या वळणांवर साचत जातं, डक्ट आतून अरुंद होतो, हवा कमी वाहते, उष्णता बाहेर जायच्या ऐवजी मशीनमध्येच कोंडते आणि कपडे ओलेच राहिले म्हणून आपण अजून एक सायकल लावतो, म्हणजे आधीच तापलेल्या मशीनला आणखी तापवतो. थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज अशा वेळी वीज तोडण्यासाठीच असतात, पण फ्यूज सारखा उडतोय म्हणून काहीजण सरळ वायर जोडून तो बायपास करतात, याच्याइतका वाईट जुगाड दुसरा नाही. फ्यूज उडाला तर आधी डक्ट बघायचा.

फिल्टर दर लोडला साफ करायचा, कपडे कमी असले तरी. सॉफ्टनर शीट (कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकायचा पातळ तुकडा) वापरत असाल तर फिल्टरच्या जाळीवर न दिसणारा मेणचट थर बसतो, म्हणजे जाळी स्वच्छ दिसते पण हवा जात नाही. तपासायला जाळीवर थोडं पाणी ओतायचं, पाणी वरच थांबलं तर कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवायची आणि पूर्ण सुकल्यावरच परत बसवायची. फाटलेली जाळी बदलायची, आणि फिल्टर बसतो त्या खाचेतही व्हॅक्यूम फिरवायचा.

डक्ट वर्षातून किमान एकदा, घरात माणसं जास्त, पाळीव प्राणी किंवा डक्ट लांब असेल तर त्याहून लवकर. आधी प्लग काढायचा, गॅसचा ड्रायर असेल तर गॅसचा व्हॉल्व्ह बंद, आणि तो सरकवताना गॅसच्या पाइपला ताण द्यायचा नाही, जमत नसेल तर माणूस बोलवा. मग डक्ट सोडवून लांब दांड्याच्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करायचा. ड्रिलला लावायचा ब्रश असेल तर ड्रिल उलटं फिरवू नका, दांड्यांचे जोड सुटून ब्रश आतच अडकतो. बाहेरच्या टोकाची झडप मशीन चालू असताना उघडते का तेही बघायचं, तिथे पक्षी घरटी करतात, आणि पक्षी नकोत म्हणून जाळी लावली की लिंट जाळीत अडकतं, म्हणून जाळी लावायची नसते.

डक्ट गुळगुळीत धातूचा, साधारण 4 इंच व्यासाचा असावा. प्लास्टिकचा किंवा पातळ फॉइलचा घड्यांचा पाइप स्वस्त पडतो, पण घडीघडीत लिंट बसतं आणि प्लास्टिक तर स्वतःच जळतं. जोडांना आत घुसणारे स्क्रू नकोत. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नमुना नियमात डक्टची लांबी साधारणपणे 35 फुटांपर्यंत धरतात, आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून 5 फूट वजा करतात. हीट पंपवाल्या ड्रायरला (तो तीच हवा आत पुन्हा पुन्हा वापरतो) डक्ट नसतो आणि तापमानही कमी असतं, तरी त्याचे फिल्टर साफ करावेच लागतात.

लिंट सोडून आणखी एक कारण आहे, तेल. स्वयंपाकाचं किंवा मसाजचं तेल लागलेले टॉवेल धुतल्यावरही थोडं तेल राहतं, ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना स्वतःच उष्णता तयार करतं, आणि गरम टॉवेल ढीग करून ठेवले तर ते तासाभराने आपोआप पेटू शकतात, मशीन बंद असलं तरी. म्हणून शेवटची कूल-डाउन, म्हणजे कपडे थंड करायची, सायकल मध्येच थांबवायची नाही आणि कपडे लगेच काढून पसरायचे. पेट्रोल किंवा थिनर लागलेले कपडे आणि फोम रबरच्या वस्तू ड्रायरमध्ये अजिबात नकोत.

कपडे सुकायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतोय, मशीन बाहेरून फार गरम होतंय, जळका वास येतोय, असं काहीही दिसलं तर साफ केल्याशिवाय पुढचा लोड लावू नये. झोपताना किंवा घराबाहेर जाताना ड्रायर चालू ठेवू नये. आत आग दिसलीच तर दार उघडायचं नाही कारण हवा मिळाली की ती भडकते, जवळ जाणं सुरक्षित असेल तरच वीज तोडायची, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरून अग्निशमन दलाला फोन करायचा.