प्रसूतीतील देहस्थिती व बर्थिंग बॉल

कळा सुरू असताना चालणे, ओणवे होणे, उकिडवे बसणे, कुशीवर निजणे किंवा हवा भरलेल्या मोठ्या चेंडूवर (बर्थिंग बॉल) बसून कंबर डोलवणे, अशा हालचालींनी बाळाचे डोके श्रोणीत (कटिभागाच्या हाडांच्या पोकळीत) उतरण्यास व वळण्यास साहाय्य करण्याच्या पद्धतींचा येथे विचार केला आहे.

उताणे निजून प्रसूत होण्याची रीत तुलनेने अलीकडची आहे. प्राचीन इजिप्तमध्ये स्त्रिया विटांवर उकिडव्या बसत. अबायडॉस येथे २००१ मध्ये सापडलेली, अंदाजे इ. स. पू. १७०० च्या सुमाराची चित्रित वीट हा त्याचा पुरावा मानला जातो. सोरेनस या ग्रीक वैद्याने पुढे प्रसूतीच्या खुर्चीचे वर्णन केले. युरोपात ही खुर्ची मागे पडण्याचा संबंध सामान्यतः फ्रेंच शल्यक फ्रांस्वा मोरिसो याच्याशी जोडला जातो. १६६८ च्या आपल्या ग्रंथात त्याने पलंगावर रेलून प्रसूती करण्याची शिफारस केली होती. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला प्रसूती पाहता यावी म्हणून ही रीत पडली, असे वारंवार लिहिले जाते. मात्र या कथेचा आधार क्षीण असून, सुईणींच्या जागी शल्यक आले व पुढे बाळाला ओढून काढण्याच्या चिमट्याचा वापर वाढला, हे कारण अधिक ग्राह्य वाटते.

चेंडू मूळचा प्रसूतीसाठी घडवलेला नाही. इटलीतील प्लास्टिक उत्पादक आक्विलिनो कोसानी याने तो १९६३ च्या सुमारास तयार केला. स्वित्झर्लंडमध्ये मेरी क्विंटन व सुझान क्लाइन-फोगेलबाख यांनी तो फिजिओथेरपीत वापरला आणि प्रसूतिगृहात तो त्यानंतर आला. त्याचा व्यास स्त्रीच्या उंचीनुसार सहसा ५५ ते ७५ सेंमी असतो. त्यावर बसल्यावर तळपाय जमिनीवर पूर्ण टेकावेत व गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहावेत. फरशी निसरडी नसावी आणि पाठीशी कोणीतरी उभे असावे. एपिड्युरल (वेदना कमी करण्यासाठी पाठीच्या कण्याजवळ दिले जाणारे भुलीचे औषध) दिलेल्या स्त्रीला कुशीवर निजवून शेंगदाण्याच्या आकाराचा चेंडू तिच्या गुडघ्यांमध्ये ठेवतात.

वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यानुसार प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत (गर्भाशयाचे मुख पूर्ण उघडेपर्यंत) उभ्या स्थितीत राहणाऱ्या व चालणाऱ्या स्त्रियांची ही अवस्था सरासरी १ तास २२ मिनिटांनी लहान झाली. दुसऱ्या अवस्थेचे (त्यानंतर बाळ बाहेर येईपर्यंत) चित्र मिश्र आहे : एपिड्युरल नसलेल्या स्त्रियांत उभ्या स्थितीमुळे चिमट्यासारख्या उपकरणांची गरज कमी भासते, परंतु रक्तस्राव अधिक होण्याची शक्यता नोंदवली गेली आहे. उलट, एपिड्युरल घेतलेल्या पहिलटकरणींवरील २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत, कुशीवर निजलेल्यांपैकी ४१.१ टक्के, तर सरळ स्थितीतील ३५.२ टक्के स्त्रिया उपकरणांविना योनिमार्गे प्रसूत झाल्या. यावरून एकच स्थिती सर्वांवर लादणे योग्य ठरत नाही. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असताना ओणवे राहिल्याने कंबरदुखी कमी होते; बाळ त्यामुळे वळतेच, असे सिद्ध झालेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत हालचालीस व सरळ स्थितीस प्रोत्साहन दिले आहे. भारतात सरकारी प्रसूतिगृहांतील सेवा सुधारण्याच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतीवेळी सोयीची स्थिती निवडण्याची मोकळीक स्त्रीला देण्यात आली आहे.