‘देहोपस्थिती’ आणि सर्वोच्च न्यायालय: पार्श्वभूमी

सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारांची चर्चा बहुधा १९७३ च्या मूलभूत संरचनेच्या निकालापासून (घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही, असे सांगणारा निकाल) सुरू होते. या न्यायालयाचा खरा कस मात्र संसदेशी झालेल्या वादात नव्हे, तर विनाचौकशी डांबलेल्या माणसाच्या प्रश्नावर लागला. सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मे १९३० मध्ये या शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी इथल्या चौघांना येरवड्यात फाशी दिली गेली. त्यांच्या पुतळ्यांना आजही त्या दिवशी हार घातले जातात. न्यायालयाच्या दाराला कुलूप लागले की काय होते, याची ती खूण आहे.

डांबलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करायला लावणाऱ्या आदेशासाठी, म्हणजे ‘हेबिअस कॉर्पस’साठी, राज्यघटनेच्या मराठी प्रतीत ‘देहोपस्थिती’ हा शब्द आहे. वर्तमानपत्रे ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ लिहितात, तर वकीलमंडळी नुसते ‘हेबिअस’ म्हणतात. यातला मधला शब्द घोटाळ्याचा, कारण ‘बंदी’ म्हटले की मराठी कानाला कैद्याआधी मनाई आठवते. ‘देहोपस्थिती’ बोजड असला तरी नेमका आहे: ज्याला पकडले त्याला सदेह समोर आणा आणि कोणत्या कायद्याने पकडले ते सांगा.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि राष्ट्रपतींच्या आदेशाने जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याचा अधिकारच स्थगित झाला. तरीही स्थानबद्धतेचा आदेश नीट निघाला आहे का, एवढे तरी आम्ही तपासू, अशी भूमिका घेत नऊ उच्च न्यायालयांनी मिसाबंदींच्या (‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली विनाचौकशी डांबलेल्यांच्या) याचिका ऐकण्याची तयारी दाखवली. सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले. एखाद्या पोलिसाने वैरापोटी कोणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का, असे सुनावणीत विचारले गेले, तेव्हा आणीबाणी आहे तोवर येणार नाही, असे उत्तर सरकारी बाजूने दिले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. ज्या न्यायालयाकडे शेवटचा शब्द होता, त्याने तो नागरिकाच्या विरोधात वापरला. याहून सौम्य वर्णन प्रामाणिकपणे करता येत नाही. भिन्न मत नोंदवणाऱ्या पाचव्या न्यायमूर्तींना पुढच्या जानेवारीत डावलून कनिष्ठ सहकाऱ्याला सरन्यायाधीश करण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला.

दुरुस्ती आधी न्यायालयाने नव्हे, संसदेने केली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) आणि २१ (जीवित व स्वातंत्र्य) आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. न्यायालयाने तो निकाल स्पष्ट शब्दांत मोडीत काढला तो थेट २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे. आणि ज्या निकालपत्रात तो मोडीत निघाला, त्याचे लेखक १९७६ च्या बहुमतातील एका न्यायमूर्तींचे पुत्र होते.

अनुच्छेद ३२ खाली थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात जाता येते, पण सोलापुरातल्या कुटुंबासाठी पहिले दार उच्च न्यायालयाचेच असते. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला आहे. ‘हेबिअस’चा अर्ज आता तिथे दाखल होतो.