मूळकूज व बीजप्रक्रिया (कोल्हापूर जिल्ह्यातील द्विदल पिके)

सोयाबीन, भुईमूग, हरभरा, तूर या द्विदल पिकांची मुळे आणि खोडाचा बुंधा जमिनीतील बुरशींमुळे कुजून रोप मरण्याच्या रोगांना मूळकूज म्हणतात. पेरणीआधी बियाण्याला बुरशीनाशक किंवा उपयुक्त बुरशी व जिवाणू चोळणे, म्हणजेच बीजप्रक्रिया, हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. बियाणे एकदा मातीआड गेले की ही संधी संपते.

कोल्हापूर जिल्ह्यात मूळकूज सगळीकडे एकाच तऱ्हेची नसते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पश्चिमेकडील तालुक्यांत पाऊस प्रचंड पडतो. शिरोळ, हातकणंगले बाजूला तो बराच कमी आहे, पण तेथे उसाच्या पाण्यामुळे काही जमिनी चिबड (पाणी न निचरणाऱ्या) आणि क्षारपड झाल्या आहेत. सतत ओल राहणाऱ्या रानात पिथियम आणि ऱ्हायझोक्टोनिया सोलानी या बुरशी उगवणाऱ्या कोंबालाच गाठतात. स्क्लेरोशियम रोल्फसायी बुंध्यावर पांढरी कापसासारखी वाढ करते आणि मोहरीएवढ्या तपकिरी गाठी मागे ठेवते. याउलट मॅक्रोफोमिना फॅसिओलिना या बुरशीला उष्णता आणि पाण्याचा ताण मानवतो. पावसाने ओढ दिली की माळाच्या हलक्या रानातील सोयाबीन आणि फुलोऱ्यानंतरचा हरभरा तिला बळी पडतो. भुईमुगाच्या कोवळ्या रोपाचा बुंधा काळ्या भुकटीने माखलेला दिसला, तर ती ॲस्परजिलस नायजरमुळे होणारी मानकूज असते.

हरभऱ्यात शेतकरी बहुतेक वेळा सगळ्यालाच ‘मर’ म्हणतात, आणि औषधाची निवड तिथेच चुकते. फ्युजारियममुळे होणाऱ्या खऱ्या मर रोगात मूळ वरून धड दिसते. उभे चिरले की आत काळपट तपकिरी रेघ सापडते. मॅक्रोफोमिनामुळे होणाऱ्या कोरड्या मूळकुजीत उपमुळे झडलेली असतात, सोटमूळ ठिसूळ होते आणि रोप उपटताना त्याचे टोक जमिनीतच तुटून राहते. रोप उपटून पाहण्याला पैसा लागत नाही, तरी दुकानात जाण्याआधी ते फार थोडे लोक करतात.

बीजप्रक्रियेचा क्रम ठरलेला आहे : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धन. थायरम, किंवा कार्बोक्सिन आणि थायरमचे मिश्रण, किलोमागे ३ ग्रॅम वापरतात. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक पिथियमवर चालत नाही, त्यामुळे पाणथळ रानात एकट्या त्याच्यावर विसंबणे व्यर्थ. तिथे मेटॅलॅक्झिलसारखे औषध असलेले मिश्रण लागते. खोडमाशीचा त्रास असलेल्या भागात सोयाबीनला मधल्या टप्प्यात थायामेथोक्झाम हे कीटकनाशक लावतात. रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतील नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूंचे संवर्धन, १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम लागते. ते चिकटावे म्हणून गुळाचे पाणी उकळून पूर्ण गार करून वापरतात. गूळ ही कोल्हापुरात मुद्दाम विकत आणायची वस्तू नव्हे; घाई मात्र नडते, कारण कोमट पाण्यातही जिवाणू मरू शकतात. संवर्धन पिकानुसार निवडावे लागते. सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करत नाहीत.

रासायनिक औषधांऐवजी ट्रायकोडर्मा किलोमागे ५ ग्रॅम चोळता येतो. ही बुरशी रोगकारक बुरशींवर जगते, शिवाय मुळांभोवतीची जागा आधीच व्यापते. कार्बेन्डाझिम लावलेल्या बियाण्यावर पुन्हा ट्रायकोडर्मा चोळणे म्हणजे तो पैसे देऊन मारणे होय. रायझोबियमचे तसे नाही. बुरशीनाशक आदल्या दिवशी लावून बियाणे सुकवले आणि पेरणीच्या दोन-तीन तास आधी जिवाणू जरा सढळ हाताने चोळले, तर काम भागते. दोन्ही वेळा बियाणे सावलीतच सुकवायचे.

सोयाबीनची खरी अडचण त्याच्या पातळ सालीत आहे. घरचे बियाणे पोत्यांची उंच थप्पी लावून ठेवले, आपटले किंवा प्रक्रियेत पाणी जास्त झाले, की साल सुटते आणि बुरशीला दार उघडे मिळते. म्हणून आधी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण पाहावी. ७० च्या खाली आली तर औषध कितीही चांगले असो, पेरा विरळच होतो. बियाणे घमेल्यात जोराने घोळण्यापेक्षा ताडपत्रीवर पसरून हलक्या हाताने चोळणे बरे. वाफसा आला आणि कुरी (पेरणीचे अवजार) दारात उभी राहिली की नेमके हेच घाईत उरकले जाते.

लेपाचे संरक्षण साधारण पहिल्या तीन-चार आठवड्यांपुरते असते. शेंगा भरताना येणारी मॅक्रोफोमिनाची कूज त्याने थांबत नाही. त्यासाठी पिकाची फेरपालट आणि ताणाच्या वेळी एखादे संरक्षित पाणी लागते. ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून रानात टाकल्यानेही मदत होते. पावसाळ्यात लावलेल्या आडसाली उसातील सोयाबीन किंवा भुईमुगाच्या आंतरपिकात पाण्याची पाळी उसाच्या गरजेने ठरते, म्हणून तेथे सरीत पाणी तुंबू न देणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. २०१९ आणि २०२१ सारख्या महापुरात पंचगंगाकाठची मळीची राने पाण्याखाली गेली, की मुळे आधी हवेअभावी गुदमरतात. अशा ठिकाणी बीजप्रक्रियेचा काही उपयोग नसतो.

प्रक्रिया करताना हातमोजे व तोंडाला फडके लागते. औषध लावलेले बियाणे बहुधा लाल-गुलाबी दिसते. ते धुऊनही खाण्यालायक होत नाही. उरलेले दाणे जनावरांच्या वैरणीत किंवा कोंबड्यांपुढे टाकू नयेत, आणि रिकामे पोते पुन्हा धान्यासाठी वापरू नये.