सूपमधून काढून घेतलेले पावाचे तुकडे

सीलियाक रोग, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनांमुळे लहान आतड्याला इजा होण्याचा विकार, असलेल्या एका नातेवाइकांबरोबर मी नुकताच तीन दिवस एका अनोळखी शहरात होतो. पहिल्याच दुपारी त्यांनी उपाहारगृहात गहू, बार्ली आणि राय ही धान्ये मुळीच चालत नाहीत असे सांगितले होते, तरीही सूप आले ते वर तळलेल्या पावाचे तुकडे घेऊनच. चूक दाखवल्यावर वेटरने दिलगिरी व्यक्त करून वाडगा आत नेला आणि मिनिटभरात तोच वाडगा परत आणला. तुकडे गेले होते. त्यांच्या जागी तेलाचा तवंग आणि भिजून फुगलेले दोन-तीन कण तरंगत होते. “आता यात काही नाही,” असे तो मनापासून म्हणाला. कमी खाल्ले की कमी बाधते, हा सर्वांच्याच अनुभवाचा हिशेब त्याने लावला होता. सीलियाकला तो का लागू पडत नाही, हे समजण्यासाठी प्रथिनाच्या एका तुकड्यापर्यंत जावे लागते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी आणि पचन म्हणजे त्या साखळीची कापणी, एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. ही कापणी करणारी विकरे मात्र वाटेल तिथे कापत नाहीत. ट्रिप्सिन हे विकर लायसिन किंवा आर्जिनिन या दोनच अमिनो आम्लांच्या पुढचा दुवा तोडते. ग्लुटेनमधील ग्लायडिन या प्रथिनात ३३ अमिनो आम्लांचा एक भाग असा आहे की त्यात ही दोन्ही आम्ले एकदाही येत नाहीत, त्यामुळे ट्रिप्सिनला तिथे करण्यासारखे कामच उरत नाही. इतर विकरांना चालू शकतील अशी ठिकाणे त्यात आहेत, पण त्यांच्या शेजारी प्रोलिन नावाचे अमिनो आम्ल बसलेले असते. प्रोलिनची रचना अशी, की त्याची बाजूची शाखा वळून मुख्य साखळीलाच जोडलेली असते. त्यामुळे तिथे साखळी ताठ होते आणि विकराच्या खाचेत नीट बसत नाही. त्या ३३ अमिनो आम्लांत १३ प्रोलिन आणि १० ग्लुटामिन आहेत. जठर, स्वादुपिंड आणि आतड्याचे अस्तर या तिघांच्या विकरांना पुरून उरणारा हा तुकडा २००२ मध्ये शोधून काढण्यात आला. तो सर्वांच्याच पोटात न पचता उरतो, वाचकांच्या आणि माझ्याही, आणि बहुतेकांना त्याचा काहीही उपद्रव होत नाही.

उपद्रव सुरू होतो तो पुढच्या टप्प्यावर, आणि मला या रोगातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. आतड्याच्या अस्तराखाली टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर असते. एका प्रथिनातील ग्लुटामिन दुसऱ्या प्रथिनातील लायसिनला जोडून ऊतींची डागडुजी करणे, हे त्याचे काम. जोडायला लायसिन मिळाले नाही, तर ते पाण्याचा रेणू वापरते आणि ग्लुटामिनचे रूपांतर ग्लुटामिक आम्लात करते. बदल म्हटला तर एवढासाच, पण विद्युतभार नसलेल्या जागी आता ऋण भार आलेला असतो. ग्लुटामिन, मग कोणतेही एक अमिनो आम्ल आणि मग प्रोलिन, हा क्रम या विकराला विशेष मानवतो, आणि आपल्या ३३ अमिनो आम्लांच्या तुकड्यात नेमका तोच क्रम पुन्हा पुन्हा येतो.

आता प्रतिकारशक्तीची बाजू. परकी प्रथिने टी पेशींपुढे, म्हणजे शत्रू ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींपुढे, मांडण्यासाठी आपल्या काही पेशींवर तबकासारखे रेणू असतात. डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ या प्रकारचे तबक ज्यांना अनुवंशाने मिळालेले असते, त्यांच्या तबकाच्या खाचेला ऋण भाराचे आकर्षण असते. डागडुजीच्या विकराने बदललेला ग्लायडिनचा तुकडा त्या खाचेत घट्ट बसतो, टी पेशी त्याला शत्रू ठरवतात आणि पुढच्या दाहात लहान आतड्याच्या आतील बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर झिजून सपाट होतात. अन्नरस शोषणारा पृष्ठभागच आक्रसल्यामुळे लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे शरीराला पुरेशी मिळत नाहीत. शरीर त्या डागडुजीच्या विकराविरुद्धही प्रतिपिंडे बनवते, आणि निदानासाठीच्या रक्तचाचणीत तीच शोधली जातात. अशी तबके अनेकांना असतात. रोग मात्र जगभरात साधारण शंभरात एकाला होतो, म्हणजे केवळ तबक असणे पुरेसे नाही.

एकदा शत्रू ठरवलेला तुकडा टी पेशी विसरत नाहीत. वर्षानुवर्षे पथ्य पाळलेल्या रुग्णाने ग्लुटेन खाल्ले, तर इंटरल्युकिन-२ हा संदेशवाहक रेणू काही तासांतच त्याच्या रक्तात वाढलेला दिसतो आणि मळमळ, उलटी साधारण त्याच सुमारास सुरू होते. म्हणजे दुपारी खाल्लेल्या सूपचा जाब संध्याकाळी संग्रहालयाच्या रांगेत द्यावा लागतो, आणि दोष जातो मधल्या वेळच्या कॉफीला. काही रुग्णांना काहीच जाणवत नाही, पण त्यामुळे त्यांचे आतडे सुरक्षित आहे असे ठरत नाही. एका घासाने रसांकुर कायमचे नष्ट होत नाहीत हेही खरे; घात होतो तो अशा घासांच्या सवयीने.

प्रमाण किती? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांना ९० दिवस रोज ५० मिलीग्रॅम ग्लुटेन दिले, तेव्हा रसांकुरांची हानी मोजता आली. पावाच्या एका स्लाइसमध्ये दोन ग्रॅमहून अधिक ग्लुटेन असते. म्हणजे ही मात्रा स्लाइसच्या चाळिसाव्या भागाहून मोठी नाही. ‘ग्लुटेनमुक्त’ या शिक्क्यासाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलीग्रॅम आहे. असे अन्न दिवसाला अर्धा किलो खाल्ले तरी १० मिलीग्रॅमच पोटात जाते. सूपमधल्या त्या भिजलेल्या कणांना या मापाने पाहावे.

प्रवासात पदार्थात काय घातले आहे याइतकेच स्वयंपाकघरात काय घडते हे महत्त्वाचे ठरते. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहांनाही पदार्थातील ग्लुटेनयुक्त धान्यांची माहिती देणे बंधनकारक आहे. पण ती माहिती घटकांची असते, शेजारच्या ओट्यावरून उडालेल्या पिठाची नव्हे. बटाट्यात ग्लुटेन नसते, परंतु पिठात घोळवलेले मासे ज्या तेलात तळले, त्याच तेलात बटाटे तळले तर त्यांना ते लागते. तेल इतके तापते, मग ग्लुटेन नष्ट होत नाही का, असा प्रश्न हमखास येतो. ग्लुटेन हा जंतू नाही, त्यामुळे तो मरतही नाही. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, पण घातक ठरणारा अमिनो आम्लांचा क्रम तसाच राहतो. सॅनिटायझरने पुसलेल्या टेबलाचेही तेच. साबण-पाण्याने घासले तर मात्र ते निघून जाते. टोस्टर, लाकडी चमचा, पास्ता उकळलेले पाणी आणि गव्हापासून केलेला सोया सॉस यांची चौकशी म्हणूनच करावी लागते.

जेवणाआधी एक गोळी घेतली की ग्लुटेन पोटातच विरघळते, अशा जाहिरातींवर विसंबून पाव खाणे हा निव्वळ जुगार आहे. उलट बाजूने, ग्लुटेन सर्वांनाच विषासमान आहे हा प्रचारही तितकाच निराधार. सीलियाक नसूनही गहू सोडल्यावर बरे वाटणाऱ्यांवर नॉर्वेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टान या कर्बोदकाने अधिक त्रास झाल्याचे दिसले. फ्रुक्टान कांद्या-लसणातही असते. त्यामुळे अशा व्यक्तींचे पोट शिक्का असलेल्या जेवणानेही बिघडू शकते. मात्र चाचणीपूर्वीच गहू सोडला, तर प्रतिपिंडे घटतात आणि सीलियाकचे निदान निसटू शकते.

तो वाडगा आम्ही परत पाठवला. दुसऱ्या रात्री वेगळ्या ठिकाणी गेलो, तिथे आमची यादी ऐकून आचारी स्वतः बाहेर आला. तळणीचे तेल सगळ्यांना एकच आहे, तेव्हा तळलेले काहीही मागवू नका, असे त्याने आम्ही विचारण्याआधीच सांगितले. मासा भाजून देता येईल, पण पॅन घासून घ्यावा लागेल आणि वीस मिनिटे लागतील, असेही तो म्हणाला. आम्ही थांबलो.